पोळ्याच्या करीसाठी बिडाची कढई: तयारीची यादी

श्रावणभर घरात मांस शिजत नाही. अमावास्येला पोळा होतो, बैलांच्या मुखी पुरणपोळी जाते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, गावात घरोघरी मटणाचा वास सुटतो. आमच्याकडे त्या दिवशी आठ-दहा माणसं जेवायला असतात आणि दोन किलो मटण चुलीवर चढतं. ते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कढईत मंद आचेवर शिजवायचं असेल तर तयारीला पंधरा दिवस आधी लागा. नवी कढई आणि पावसाळ्यातलं सरपण, दोन्ही ऐन वेळी दगा देतात.

आधी कढई. आठवडी बाजारात ठोकीव लोखंडाच्या कढया भरपूर मिळतात. पडल्या तर त्या पोचतात, फुटत नाहीत. पण पातळ असल्यामुळे आच थेट रश्श्याला लागते आणि तळाचा मसाला करपतो. या कामाला ओतीव बीडच हवं. बिडात उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चौपटीने सावकाश पसरते, पण जाड बीड एकदा तापलं की थंड मटण पडलं तरी लवकर निवत नाही. दोन किलोसाठी तोंड १२-१३ इंच, खोली ४ इंच, तळ सपाट असा अंदाज धरा. उभा गंज, म्हणजे खोल पातेलं, नको. त्यात फोडी एकमेकींवर बसतात, पाणी सुटतं आणि मटण परतलं जाण्याऐवजी उकडतं. दुकानातच कढई फरशीवर ठेवून काठ दाबून पाहा, डुगडुगली तर दुसरी घ्या. बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, मडक्याचं जसं असतं तसंच. भरलेली कढई एकट्याने उचलवत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना फडकं धरता येईल असे मोठे कान असावेत.

झाकणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. काठावर कागदाचा तुकडा ठेवून झाकण लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथून वाफही निघणार. झाकण जड आणि मध्ये किंचित खोलगट मिळालं तर सोनं, कारण त्यावर पाणी ठेवता येतं. खालची वाफ त्या गारव्याला लागून थेंब होते आणि पुन्हा फोडींवर पडते. वरचं पाणी गरम झालं की रश्श्यात घालायला तेच कामी येतं. असं झाकण नसेल तर काठाला कणकेची दोरी चिकटवा, तीही उत्तम बसते.

कढई आणल्यावर ती कोमट पाण्याने आणि साबणाने एकदा खरपूस घासा, चुलीवर पूर्ण वाळवा. मग जवसाचं तेल. जवसाचं तेल वाळून घट्ट होतं, रंगात ते वापरतात ते याच गुणामुळे. चार थेंब फडक्यावर घेऊन आतून-बाहेरून लावा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. जाड थर दिला तर त्याचे पापुद्रे निघतात. कढई पालथी घालून धूर थांबेपर्यंत तापवा, निवू द्या. असं चार-पाच वेळा करा, काळाभोर गुळगुळीत थर बसतो. तापलेल्या बिडावर गार पाणी मात्र कधीच टाकू नका. माझी पहिली कढई अशीच, घाईत पाणी ओतल्यामुळे, काठापासून तळापर्यंत तडकली. अजूनही वाईट वाटतं.

सरपण दोन प्रकारचं लागतं. परतायला भडका हवा, त्याला पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, पुरतात. पुढच्या दोन-अडीच तासांना बाभळीचे निखारे. बाभूळ ओली असली की नुसती धुमसते, म्हणून आताच छपराखाली रचून ठेवा. गॅसवर करणार असाल तर बारीक आचेवर दहा मिनिटं कढई तापू द्या, नाहीतर मधोमध करपतं आणि काठ थंड राहतो.

खाटकाला आदल्या दिवशीच खांदा, मान आणि नळी सांगून ठेवा. करीच्या सकाळी त्याच्याकडे रांग असते. कांदा, सुकं खोबरं, खसखस, धने, दगडफूल भाजून वाटण रात्रीच करा. मिरची भिवापुरी मिळाली तर तीच घ्या.

सकाळी मटण फडक्याने कोरडं पुसा. अंगावर पाणी असेपर्यंत फोडीचा पृष्ठभाग १०० अंशांपुढे जात नाही, आणि तो खमंग तांबूस रंग तर १४० अंशांच्या आसपास धरतो. म्हणून चार हप्त्यांत, जागा सोडून, परता. तळाला चिकटलेलं सराट्याने सोडवा, चव तिथेच असते. मग वाटण, तेल सुटेपर्यंत. पाणी फोडींच्या अर्ध्यापर्यंतच, आणि तेही गरम. झाकण लावलं की भडका मोडून निखारे पसरवा. रश्श्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, खळखळ नको. नळी-खांद्यातले चिवट पडदे ७० अंशांच्या वर तासन्‌तास राहिले की विरघळतात आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. खळखळ उकळलं तर धागे आवळून मांस कोरडं पडतं. कुकरमध्ये मटण लवकर शिजतं, खरं आहे, पण अशी तर्री त्यात मला कधी मिळाली नाही. माझ्या सासूबाई चुलीपाशी बसूनच सांगायच्या, "झाकन काऊन उघडतं वं घडीघडी? वाफ पयून जाते." पहिला तास हात लावू नका, नंतर फक्त पाण्यासाठी.

चिंच, टमाटर, आवळा कच्च्या बिडात फार वेळ शिजवू नका. आंबटाने थर सुटतो आणि रश्श्याला लोखंडी चव येते. त्याच कारणाने उरलेलं मटण रात्री स्टीलच्या डब्यात काढा. भरली वांगी या कढईत सुरेख होतात, थोडी काळपटतात, एवढंच.

जेवणं झाली की कढई कोमट असतानाच गरम पाण्याने आणि नारळाच्या शेंडीने धुवा. रोजच्या भांड्यांसारखी राख लावली तर तेलाचा थर निघतो. उरलेल्या निखाऱ्यांवर खडखडीत वाळवा, तेलाचा हात फिरवा, झाकण वेगळं ठेवा आणि ओलीच्या भिंतीपासून दूर फळीवर पालथी घाला.