ग्रॅज्युएशनला ४८ टक्के, तरी एलएलबी? हो, मिळतं

बीकॉमला काठावर पास झालायस म्हणून लॉ सोडून देऊ नकोस रे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीला ओपनसाठी ४५ टक्के लागतात, इथल्या ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०, तेवढे असले की पुढची मेरिट सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर लागते, तुझे ग्रॅज्युएशनचे मार्क फार तर टाय झाला तर बघतात. म्हणजे सगळा जोर सीईटीवर.

निगेटिव्ह मार्किंग नाहीये, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं राहिली की उरलेल्यांची उत्तरं अंदाजाने ठोकून टाक सरळ. सगळ्यात जास्त मार्क इंग्लिशला असतात आणि आपली पोरं नेमकं तेच टाळून कलमं पाठ करत बसतात! रोज एक उतारा घड्याळ लावून सोडव, लीगलच्या भागासाठी मूलभूत हक्क, करार, टॉर्ट (दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई द्यायला लावणारा कायदा) एवढं पक्कं कर.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना फक्त मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) आणि पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज टाकून मोकळा होऊ नकोस, मागच्या वर्षीचे कटऑफ बघून खालची कॉलेजंही टाक, पण क्रम आवडीचाच ठेव. आणि जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढायला टाक, ऐनवेळी सेतूत रांग असते.