गावातील मजुरीचा अभ्यास कसा करावा : दर, दिवस आणि नवे तंत्र

गावातील मजुरी, शेतीत आलेले नवे तंत्र आणि घराघरांच्या उत्पन्नातील तफावत यांवर प्रकल्प करू पाहणारे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि बहुतेकांच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न असतो, "रोजी किती?" माझ्या पहिल्या पाहणीत मीही हाच प्रश्न विचारला होता. जवळजवळ प्रत्येक घरातून एकच आकडा आला, तो मी वर्षातल्या तीनशे दिवसांनी गुणला, आणि कागदावर ते गाव चांगले खाऊनपिऊन सुखी दिसू लागले. लोकांनी खरेच सांगितले होते. मीच अर्धे विचारले होते. रोजी हा केवळ दर आहे. कमाई काढायची असेल तर कोणते काम, किती दिवस, दिवसाचे किती तास आणि कोणत्या दराने, हे घरातील प्रत्येक कमावत्या माणसासाठी वेगळे नोंदवावे लागते. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

प्रथम विषय लहान करावा. "विदर्भातील ग्रामीण उत्पन्न" हा विषय एका माणसाच्या हातून होणारा नाही. "आमच्या गावात सोयाबीनच्या सोंगणीला हार्वेस्टर आल्यापासून कोणाचे किती दिवस गेले?" हा प्रश्न मात्र दोन गावे आणि एक हंगाम यांत सुटू शकतो. पश्चिम विदर्भात कापूस, सोयाबीन किंवा तूर घ्यावी, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी घ्यावी. पण पीक एक आणि बदल एक, एवढे पथ्य पाळावे.

घरे निवडताना सातबाऱ्यावरून यादी करू नये, कारण ज्याला जमीन नाही तो सातबाऱ्यावर नसतोच, आणि मजुरीचा प्रश्न मुख्यतः त्याचाच आहे. मतदार यादी घ्यावी, ती गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांसोबत घरागणिक तपासावी आणि गावाबाहेरची वस्ती, आदिवासींचा पोड किंवा भटक्यांचा बेडा त्यात आला आहे का हे स्वतः चालत जाऊन पाहावे. या बाबतीत आपल्याच भागातले उदाहरण उपयोगी पडते. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ मध्ये ज्या गावांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, त्यांत अकोला जिल्ह्यातील कंझारा आणि किनखेडा ही दोन गावे होती. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली गेली : दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी दहा. अन्वेषक गावातच मुक्कामाला राहत आणि ठरावीक दिवसांनी त्याच घरांत पुन्हा जात. ही रचना आजही अनुकरणीय आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. गावात मजुरांची घरे शंभर आणि मोठ्या शेतकऱ्यांची पंधरा असताना आपण दोन्हींतून दहा-दहा घेतली, तर चाळीस घरांची सरळ सरासरी ही गावाची सरासरी होत नाही. प्रत्येक गटाची सरासरी त्या गटातील एकूण घरांच्या संख्येने गुणावी, चारही गुणाकार मिळवावेत आणि मगच गावातल्या एकूण घरांनी भागावे.

केव्हा जावे, यावर निम्मे काम अवलंबून असते. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत बाया अंधार पडता पडता घरी येतात आणि लगेच चुलीपुढे बसतात. त्या वेळी प्रश्नावली उघडणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि मिळणारी उत्तरेही उरकलेली असतात. पावसाची झड लागली की वावरातले काम बंद राहते. तो दिवस चांगला. आठवडी बाजाराच्या दिवशी अनेक गावांत मजुरीचा चुकारा होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या आठवड्याचा हिशेब अगदी ताजा असतो. बाईला बाईच्याच कमाईबद्दल, स्वतंत्र बसून विचारावे. नवऱ्याने सांगितलेले बायकोचे दिवस आणि तिने स्वतः सांगितलेले दिवस यांत मला प्रत्येक फेरीत फरक आढळला आहे. ज्याच्या वावरात तो माणूस कामाला जातो, त्याच्या ओसरीवर तर मुळीच बसू नये.

आठवण सात दिवसांपुरती पक्की असते. देशाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातही एक मोजमाप मागील सात दिवसांचेच असते. त्याआधीचे विचारायचे झाल्यास तारखा सांगून उपयोग नाही, "पोळ्याच्या आधी की नंतर?", "दिवाळीला घरात पैसा होता तो कोणत्या कामाचा?" असे विचारले की माणूस बरोबर त्या दिवसांत जाऊन पोहोचतो. सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा, करार गुढीपाडव्याला ठरतो, म्हणून त्याचे वर्ष पाडवा ते पाडवा धरावे, आणि रोख रकमेसोबत धान्य, कपडे, उचल घेतलेले पैसे हे सारे लिहून घ्यावे. रोजगार हमीचे दिवस जॉब कार्डाशी ताडून पाहता येतात.

यानंतर मोजमापाचा प्रश्न येतो, आणि येथेच सर्वांत अधिक चुका होतात. एकाच आठवड्यात एकच बाई निंदणाला रोजीने, वेचणीला किलोने आणि सोंगणीला गुत्त्याने, म्हणजे सगळ्या कामाची एक रक्कम ठरवून, जाते. गुत्त्याचे पैसे टोळीत वाटले जातात, म्हणून टोळीत किती जणी होत्या आणि किती दिवस लागले, हे विचारल्याशिवाय एकीची कमाई निघत नाही. वेचणीसाठी संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन उभे राहावे. ओटीतला कापूस गाठोड्यात बांधलेला असतो, काटा लागतो, आणि एकेका गाठोड्याचे वजन वहीत चढते. फडक्याचे वजन वजा होते का, सकाळच्या दवाने ओला कापूस असला तर किलोमागे काही कापले जाते का, अर्धा किलो धरला जातो की सोडला जातो, हे सारे तेथे उभे राहिल्यावरच कळते. एका वेचणाऱ्या बाईच्या घरी मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली होती : दुधाचा हिशेब लिहावा तसे तिच्या शाळकरी मुलीने प्रत्येक तारखेच्या चौकोनात किलो लिहिले होते, आणि ज्या दिवशी काम नव्हते तो चौकोन रिकामा होता. मी तोवर केलेल्या कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा त्या पानात अधिक होते. पहिल्या वेचणीत, समजा, पन्नास किलो निघाले आणि दर आठ रुपये असला, तर दिवसाचे ४०० रुपये होतात. शेवटी बोंडे विरळ झाल्यावर दर बारा रुपयांवर जातो, पण हाती वीसच किलो लागतात, म्हणजे २४० रुपये. दर दीडपट आणि कमाई साठ टक्क्यांवर. ज्याने केवळ दर विचारला, तो मजुरी वाढली असे लिहून मोकळा होईल.

स्त्री-पुरुष मजुरीतील फरक शोधतानाही हेच लागू आहे. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ मध्येच झाला. पण गावात कामेच मुळात "बायांची" आणि "माणसांची" अशी वाटलेली असतात, त्यामुळे समान काम सापडणेच कठीण होते. निंदण, वेचणी बायांची. डवरण, फवारणी माणसांची. फवारणीचा दर अधिक असतो, पण त्यात जिवाची जोखीमही असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे जीव गेले, ते विसरून त्या दराची तुलना करता येत नाही. म्हणून प्रत्येक दरापुढे कामाचे नाव, तास आणि जोखीम लिहावी.

नव्या तंत्राचा परिणाम मोजताना याच वाटणीला महत्त्व येते. कापसातील तणनाशकाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. एका एकराच्या निंदणाला आठ बाया एक दिवस लागतात आणि रोजी २५० रुपये आहे, म्हणजे खर्च २,००० रुपये. तणनाशकाला ७०० आणि फवारणीच्या मजुरीला ३०० रुपये लागले, तर शेतकऱ्याचे एकरी १,००० रुपये वाचतात, आणि आधीच तोट्यात असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येणार नाही. पण बायांचे आठ दिवस गेले, एका पुरुषाला थोडे काम मिळाले आणि उरलेले पैसे कृषी केंद्रात गेले. गावात असे दोनशे एकर असतील तर सोळाशे दिवस होतात. ऐंशी मजूर बाया असतील तर प्रत्येकीचे वीस दिवस. आता समजा, वर्षाचे १५० दिवस होते ते १३० झाले, आणि त्याच काळात रोजी २५० वरून २८० झाली. आधीची कमाई ३७,५०० रुपये होती, नंतरची ३६,४०० रुपये. रोजी वाढली, उत्पन्न घटले. "मजूर मिळत नाही" आणि "काम मिळत नाही" ही दोन्ही वाक्ये एकाच गावात खरी कशी असतात, हे अशा तक्त्यातूनच उलगडते.

मात्र नव्या तंत्राआधी आणि नंतर एवढीच तुलना पुरेशी नाही, कारण दरम्यान पाऊस बदलतो आणि भावही बदलतो. शेजारचे, त्याच पावसाचे आणि त्याच बाजाराचे, पण ते तंत्र उशिरा आलेले गाव सोबत घ्यावे. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत हेच केले. १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. दोन्हींकडील खाद्यगृहांतील रोजगार आधी आणि नंतर मोजून, वेतन वाढल्याने रोजगार घटल्याचे दिसत नाही असे त्यांनी दाखवले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या दोन गावांतही हाच हिशेब करता येतो : तंत्र आलेल्या गावातील बदलातून शेजारच्या गावातील बदल वजा करावा. तसेच प्रत्येक घराने ते तंत्र प्रथम कोणत्या वर्षी वापरले हे विचारावे. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसारावर, घरांऐवजी प्रदेश धरून, असाच अभ्यास मांडला होता आणि जेथे नफा अधिक, तेथे प्रसार लवकर व वेगाने, हे दाखवले होते.

तंत्र कोणी शोधले आणि पैसा कोणाला मिळाला, हाही प्रश्न वगळू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात निवड करत एचएमटी हे धानाचे वाण विकसित केले. ते राज्याबाहेरही पसरले, त्यांना सन्मान मिळाले. पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची स्थिती हलाखीचीच होती. संशोधनाचे मोल संशोधकापर्यंत पोहोचतेच असे नाही, हे मला अर्थशास्त्रातील कोणत्याही सूत्रापेक्षा त्यांच्या आयुष्यातून अधिक स्पष्ट कळले.

शेतकऱ्यांचे उत्पन्न काढताना विक्रीच्या रकमेला उत्पन्न म्हणू नये. बियाणे, खत, औषध, मजुरी, मक्त्याची (भाड्याने घेतलेल्या जमिनीची) रक्कम वजा करावी. घरच्यांनी राबलेले दिवस वेगळ्या रकान्यात ठेवावेत. कृषी खर्च व मूल्य आयोगही रोख खर्च आणि घरच्या श्रमाचे मोल निराळे दाखवतो. शिवाय "शेतकरी" आणि "मजूर" असे दोन कप्पे करू नयेत. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात मजुरीचा वाटा ४,०६३ रुपये होता आणि पिकांचा ३,७९८ रुपये.

तफावत मांडण्यासाठी चाळीस घरांत अवघड निर्देशांकांची गरज नाही. समजा, पाच घरांचे वार्षिक उत्पन्न ४०, ६०, ८०, १२० आणि ३०० हजार आहे. सरासरी १,२०,००० येते. मधल्या घराचे उत्पन्न मात्र ८०,००० आहे. एका घराकडे निम्मे उत्पन्न आहे आणि तळच्या दोन घरांकडे मिळून सहावा हिस्सा. हे चार आकडे सांगितले की ग्रामसभेतल्या कोणालाही चित्र समजते.

आणि ते सांगण्यासाठी परत गेलेच पाहिजे. मी तक्ते एकदा वस्तीतल्या बायांपुढे वाचले, तेव्हा तुरीच्या शेंगा तोडण्याचे दिवस मी धरलेच नाहीत हे त्यांनी पाच मिनिटांत दाखवून दिले. वाचताना घरांची नावे नसावीत, केवळ क्रमांक असावेत, आणि नावे व क्रमांक जोडणारी वही वेगळी, कुलुपात ठेवावी. कोणाच्या दिनदर्शिकेचे छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी विचारावे, कारण त्या चौकोनांत किलोंसोबत मालकांची नावे आणि कोणाकडे किती येणे राहिले आहे, हेही लिहिलेले असते.