पीजीक्रिप्टोत हॅश बदलताय? या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसच्या 18 व्या आवृत्तीत पीजीक्रिप्टोत (पासवर्डचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारं रूप, करून देणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये) शा-256 क्रिप्ट आणि शा-512 क्रिप्ट या पद्धती आल्या, तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच, ‘आधीची बीक्रिप्ट पद्धत काढून टाकू का?’ अरे, शा-क्रिप्ट 2007 सालचं. नवं आहे ते फक्त पीजीक्रिप्टोसाठी. आर्गॉन2 ही हॅशची पद्धत हवी असेल तर ती 18 मध्येही नाही. ॲपच्या कोडमध्ये करा.

बदलायचंच ठरलं असेल तर आधी 72 बाइटांची भानगड समजून घ्या. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले 72 बाइट बघतं, पुढचं गुपचूप सोडून देतं. इंग्रजीत तेवढं पुरून उरतं. देवनागरीत मात्र यूटीएफ-8 मध्ये अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाचे 3 बाइट. 24 खुणांत खेळ खलास.

म्हापशाच्या एका पतसंस्थेत मी हे भोगलंय. तिथल्या ताईंचा पासवर्ड म्हणजे अभंगाची अख्खी ओळ आणि शेवटी महिन्याचा आकडा. बीक्रिप्टला तो आकडा कधी दिसलाच नाही, म्हणून मागच्या महिन्याचा टाकला तरी चालायचं. शा-512 वर जाताना मी नेहमीची रीत धरली: लॉगिन जुळलं की त्याच पासवर्डचा नवा हॅश करून ठेवायचा. ताईंनी त्या दिवशी सवयीने जुना आकडा टाकला. जुन्या हॅशला तो चालला आणि नव्यात पक्का बसला! दुसऱ्या दिवशी खरा पासवर्ड चालेना. चवथीच्या आदल्या दिवशी घरी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून मी कीबोर्ड, युनिकोड, सर्व्हर, सगळ्यांवर संशय घेत बसलो. ताई म्हणत होत्या, “मी बरोबरच टाकतेय.” खरंच बरोबर टाकत होत्या.

आता मी आधी बाइट मोजतो. 72 च्या वर गेले की आपोआप नवा हॅश करत नाही, माणसाकडून नवा पासवर्ड घेतो.

पासवर्ड तपासताना जेन-सॉल्ट (सॉल्ट, म्हणजे हॅशमध्ये मिसळायची यादृच्छिक अक्षरं, बनवणारं फंक्शन) पुन्हा बोलावू नका. साठवलेला हॅशच सॉल्टच्या जागी द्या. कॉलम टेक्स्ट ठेवा. बीक्रिप्टचे 60 वर्ण मोजून आखलेल्या कॉलममध्ये शा-512 मावत नाही.

जेन-सॉल्टमध्ये बीएफला, म्हणजे बीक्रिप्टला, फेऱ्या ठरवणारा आकडा न देणाऱ्यांचा मला वैताग येतो. डिफॉल्ट 6, म्हणजे 2 चा 6 वा घात, फक्त 64 फेऱ्या. एकाने वाढवलं की वेळ दुप्पट. स्वतःच्या सर्व्हरवर घड्याळ लावून बघा, दुसऱ्याच्या कोडमधला आकडा उचलू नका.

आणि क्वेरीचा लॉग. हॅश करणारं क्रिप्ट फंक्शन डेटाबेसमध्ये चालतं, म्हणजे पासवर्ड तिथवर उघडाच जातो. सगळी स्टेटमेंट्स लॉग होत असतील तर तो फाइलमध्ये सरळ वाचता येतो. नवं काम हातात आलं की मी पहिल्यांदा तीच फाइल उघडतो.