सिकलसेलचे एक अक्षर: प्रथिन आणि डीएनएचे क्रम संगणकावर कसे ताडावेत

सिकलसेल हा हिमोग्लोबिनमधील दोषामुळे होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यात परिचयाचा आहे. तो ज्या एका अक्षराच्या बदलातून उद्भवतो, ते अक्षर मात्र घरच्या संगणकावर विनामूल्य पाहता येते. हा अर्थात सराव आहे, आजाराचे निदान रक्ततपासणीनेच होते.

प्रथम यूनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहात पी हे इंग्रजी अक्षर आणि त्याला जोडून ६८८७१ असा क्रमांक शोधावा. मानवी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची नोंद उघडते. तेथून फास्टा स्वरूपातील मजकूर घ्यावा: पहिल्या ओळीत नाव, खाली १४७ अक्षरे आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. तो नोटपॅडसारख्या साध्या ठिकाणीच उतरवावा.

आता त्याची दुसरी प्रत करावी. सुरुवात एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के अशी आहे. त्यातील पहिला ई खोडून तेथे व्ही लिहावा, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. हे अक्षर सातवे असूनही पुस्तकांत बदल 'सहाव्या' जागी लिहिलेला आढळतो, कारण तयार साखळीतून सुरुवातीचा एम कापला जातो आणि जुनी मोजणी त्याच्या पुढून सुरू होते. नवख्याचा घोळ बहुधा इथेच होतो.

मग अमेरिकेतील एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राच्या ब्लास्ट या क्रम ताडण्याच्या साधनात प्रथिनांचा पर्याय निवडून, दोन क्रम एकमेकांशी ताडण्याच्या चौकटीत खूण करावी आणि दोन्ही प्रती चिकटवाव्यात. निकालात दोन ओळींच्या मध्ये जुळलेली अक्षरे दिसतात, मिळत्याजुळत्या गुणधर्माच्या जोडीला अधिकचे चिन्ह मिळते. आपल्या जोडीखाली मात्र कोरी जागा राहते, कारण ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित, तर व्हॅलीन पाण्यापासून दूर राहणारे. १४७ पैकी १४६ अक्षरे जुळली, म्हणजे ९९ टक्के. पण केवळ टक्केवारी वाचून पान बंद करणाऱ्याच्या हाती ती कोरी जागा लागत नाही, आणि आजार तर तिच्यातच आहे.

डीएनएमध्ये हाच बदल जीएजीचा जीटीजी असा दिसतो. तेथे तीन अक्षरांचा एक गट म्हणजे एक अमिनो आम्ल, म्हणून हे गट एटीजीपासूनच, म्हणजे सुरुवातीच्या एमच्या गटापासूनच पाडावेत. एक अक्षर सरकले की पुढचा सगळा अर्थ बिघडतो.

शेवटी मूळ प्रत संपूर्ण संग्रहाशी ताडावी. चिंपांझीची साखळी तंतोतंत तीच निघते. दूरचे नाते असलेल्या क्रमांसाठी ई-मूल्य पाहावे: जुळणीला मिळालेल्या गुणांइतके गुण मिळवणाऱ्या किती जुळण्या निव्वळ योगायोगाने अपेक्षित आहेत, ते ही संख्या सांगते, आणि संग्रह वाढला की तीही वाढते.