फ्रेटबोर्डला तेल पाजण्याआधी

कामाला लागल्यावर पहिले दोन महिने काकांनी मला तेलाच्या बाटलीला हात लावू दिला नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गल्लीत त्यांचं दुकान. मूळ काम पेटीदुरुस्तीचं: भाता, सूर, पट्ट्या. गिटारी मागाहून यायला लागल्या आणि आता भिंतीवर त्याच जास्त दिसतात. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, गिटार बरी वाजवायचे, त्यामुळे दुरुस्तीही येईलच असं गृहीत धरलं होतं. काकांनी हातात जुना टूथब्रश दिला आणि म्हणाले, "मळ काढ. लाकूड दिसलं की हाक मार."

आता मी कळव्याला घरीच गिटारीची सर्व्हिसिंग करते. अधूनमधून कोणीतरी विचारतं, "ताई, हे काम शिकायचंय, कुठून सुरू करू?" मी सांगते, फ्रेटबोर्डपासून, म्हणजे तारांखालच्या, बोटं दाबतो त्या लाकडी पट्टीपासून. नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, आतली सळई (ट्रस रॉड) नको तेवढी फिरवली तर नेकचं नुकसान होतं, फ्रेट (बोर्डवरची धातूची आडवी पट्टी) घासताना हात चुकला तर नवा फ्रेट बसवावा लागतो. फ्रेटबोर्ड साफ करताना झालेली चूक बहुतेक वेळा निस्तरता येते.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण माझी पहिलीच मोठी चूक निस्तरायला चार दिवस लागले. अकरावीतल्या एका मुलाची गिटार आली होती, स्वस्तातली, फ्रेटबोर्ड काळाकुळकुळीत. मी लायटर फ्लुइडमध्ये फडकं बुडवून घासायला घेतलं. फडकं काळं झालं. मला वाटलं, काय मळ आहे बाई! नवीन फडकं घेतलं, तेही काळं. पाचव्या फ्रेटपर्यंत पोचले तेव्हा मागे तपकिरी पट्टे दिसायला लागले होते. काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "मळ असता तर फडकं करडं झालं असतं. हे काजळ आहे." ते आबनूस, म्हणजे मुळातच काळं लाकूड, नव्हतंच. फिक्या लाकडाला काळा रंग दिलेला होता आणि तो मी मन लावून पुसून काढत होते. शेवटी डाय आणून पुन्हा काळं केलं. त्या मुलाला फोन करून काय झालं ते सांगायचं कामही माझ्याकडेच आलं.

तेव्हापासून कुठलीही गिटार आली की आधी शेवटच्या फ्रेटच्या पलीकडे, जिथे बोट सहसा जात नाही, तिथे ओलसर इअरबड फिरवून पाहते. काळं आलं तर थांबायचं. अशा बोर्डला कोरडं फडकं आणि मऊ ब्रश, एवढंच.

रंगाचा प्रश्न नसेल तर पुढे लाकूड ओळखायचं. तपकिरी, उघड्या छिद्रांचं, रेषा दिसणारं लाकूड म्हणजे बहुतेक वेळा शिसवी. काळं, घट्ट, हाताला गार आणि गुळगुळीत लागणारं ते एबनी, म्हणजे आपलं आबनूस. फिकं पिवळसर आणि वर काचेसारखी चमक असेल तर ते मेपल, आणि त्यावर लॅकरचा थर आहे. या थरातून तेल आत जाऊच शकत नाही, वर नुसतं चिकट होऊन बसतं. मेपलला घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, कोरडं पुसा आणि पैसे घेताना थोडे कमी घ्या, कारण काम पाच मिनिटांचं आहे.

शिसवीबद्दल एक सांगायचा मोह होतो. हे आपल्याच पश्चिम घाटात वाढणारं झाड. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंधन आलं, पण परदेशी गिटार कंपन्या त्याच्या कितीतरी आधीपासून भारतीय शिसवीकडे वळल्या होत्या. त्यामुळे कोणी अमेरिकेहून आणलेली महागडी गिटार कौतुकाने दाखवली की मला वाटतं, हिचा फ्रेटबोर्ड कदाचित माहेरी आलाय.

आता मळ. बोटांचा घाम, त्वचेचं तेल, धूळ, आणि ठाण्यात असाल तर वडापावचाही अंश. हे सगळं फ्रेटच्या कडेला साचून त्याचं कीट होतं. ते काढायला आधी सगळ्या तारा उतरवा. "सगळ्या एकदम काढल्या तर नेक वाकतो" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गिऱ्हाईक ऐकवेल. साध्या अकुस्टिकवर बारीक सेटच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तरेक किलोच्या आसपास असतो हे खरं, पण तासा-दोन तासांसाठी तो उतरला तर नेकला काही होत नाही. एकेक तार थोडी थोडी सैल करत न्या, म्हणजे झालं. ज्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा खालच्या टोकाला अडकवायचा भाग, स्प्रिंगांवर तरंगता असतो तिची गोष्ट वेगळी. तिच्यात तारा गेल्या की मागच्या स्प्रिंगा ब्रिजला आत ओढतात, म्हणून त्याखाली आधी लाकडाचा ठोकळा सरकवायचा. अकुस्टिकचं सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, मात्र जपा. ते खाचेत नुसतं बसवलेलं असतं आणि तारा गेल्या की सुटून पडतं. माझं एकदा कपाटाखाली गेलं होतं. कुठली बाजू कुठे होती त्याचा आधीच फोटो काढून ठेवा, उलटं बसलं तर सूर बिघडतो.

कीट खरवडायला काका बाद झालेलं एटीएम कार्ड वापरायचे. फ्रेटच्या बुडाशी आइस्क्रीमची काडी. बाकी टूथब्रश आणि लायटर फ्लुइडचे थेंब, फडक्यावर घेऊन, थेट लाकडावर ओतून नाही. हे द्रव्य भसकन पेट घेतं. घरी काम करत असाल तर देवघरातली समई शांत झाल्यावरच बसा, खिडकी उघडा. थिनरच्या वाटेला जाऊ नका, कडेच्या लॅकरवर थेंब पडला तरी डाग कायमचा.

फारच हट्टी कीट असेल तर स्टील वूल, पण फक्त चार शून्यांचं, सर्वांत बारीक, आणि रेषेच्या दिशेने. फ्रेटही त्यानेच चमकतात. फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे तो. म्हणून पावसाळ्यात फ्रेटच्या कडेला हिरवट दिसतं, घरच्या तांब्याच्या कळशीसारखं. इलेक्ट्रिक गिटार असेल तर आधी पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकांवर, मास्किंग टेप लावा, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही. नाकाला मास्क हवाच. शिसवीची धूळ काहींना चांगलीच बाधते, मला शिंका येतात.

आणि आता तेल.

इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ कोरड्या हवेच्या देशांतून येतात. तिथे हिवाळ्यात घर तापवलं की हवेतली आर्द्रता पार खाली जाते, लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचतात. तिथला माणूस तेलाबद्दल हळवा होणारच. आपण खाडीकाठचे. जून ते सप्टेंबर ठाण्यात कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, तिथे फ्रेटबोर्ड कुठून तहानेल? गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, पावसाळ्यात आपल्याकडे ती ८० च्या वर असते. तेलाने लाकडाला पोषण मिळत नाही, ते झाड केव्हाच मेलेलं आहे. तेल ओल आत-बाहेर होण्याचा वेग थोडा कमी करतं आणि रंग खुलवतं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गिटारींना नुसती स्वच्छता पुरते, आणि ती झाली की गिऱ्हाईक म्हणतं, "तेल मस्त लावलंय!" मी आता खुलासा करत बसत नाही.

कोणतं तेल, यावर माझ्या हातून एक पाप घडलेलं आहे. काका बाटली देत नव्हते, म्हणून घरी स्वतःच्या गिटारला खोबरेल लावलं. आई केसांना लावते, लाकडाला काय वाईट? दिवाळीपर्यंत छान दिसलं. जानेवारीत सकाळी पाहते तर छिद्राछिद्रांत पांढरं साय धरल्यासारखं. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. वर उन्हाळ्यात खवट वास. ऑलिव्ह तेलाचंही तेच, थिजलं नाही तरी खवटतं. एकाने लिंबाची सालच घासून आणली होती, कारण दुकानात 'लेमन ऑइल' मिळतं. त्या बाटल्यांत बहुतेक वेळा वास घातलेलं खनिज तेल असतं. लिंबू पितळेच्या समईसाठी ठेवा.

क्रिकेटवाल्यांची सवय वेगळी. बॅटला अळशीचं तेल पाजून सेंट्रल मैदानावर जाणारी मुलं तेच गिटारलाही पाजतात. अळशीचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं. बॅटला ते हवं असतं, फ्रेटबोर्डवर मात्र थरावर थर चढून बोटाखाली चिकट लागतं. त्यात भिजलेल्या फडक्यांचे बोळे गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

काकांची बाटली उघडली तेव्हा कळलं, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन. खनिज तेल, खवटत नाही, स्वस्त. पूर्ण बोर्डला सहा-आठ थेंब, फडक्यावर घेऊन. पाच मिनिटं थांबायचं, मग पुसायचं, पुन्हा पुसायचं, कोरड्या फडक्यावर डाग पडेनासा होईपर्यंत. अकुस्टिकचा ब्रिजही बिनलॅकरचा असेल तर उरलेल्या तेलाचं बोट त्यावर फिरवा. वर्षातून एकदा, पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात.

अपवाद एसीवाल्यांचा. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधले गृहस्थ दर महिन्याला तेल लावायचे, तरी फ्रेटची टोकं टोचत होती. मी त्यांच्या घरी गेले तर गिटार बरोबर एसीच्या झोताखाली टांगलेली. मी समोरच्या भिंतीवर खिळा मारायला सांगितलं, आणि तीन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र, घ्यायला. त्या महिन्यात त्यांच्याकडून मला फक्त येण्याजाण्याचे पैसे मिळाले. पण त्यांच्याच इमारतीतून पुढे पाच गिटारी आल्या.

शिकताना पहिल्या दहा गिटारी फुकट करा, ओळखीच्यांच्या, आणि वही ठेवा: लाकूड कोणतं, इअरबडवर काय आलं, तेल लावलं की नाही, का नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच उजेडात काढा. तारा जुन्याच परत चढवू नका, साफ बोर्डवर गंजकी तार म्हणजे अंघोळ करून मळका सदरा. नव्या तारांचे पैसे आधी सांगून घ्या, नंतर मागितले की चेहरे बदलतात. आणि गिटार त्याच दिवशी देऊ नका. रात्रभर सुरात ठेवा, सकाळी तारांचे सूर पुन्हा उतरलेले असतात, ते जुळवूनच हातात द्या.