‘हो जी, येऊन जा’ म्हणजे नंबर लागला असं नाही

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात फोन केला की पलीकडून गोड आवाजात उत्तर येतं, ‘हो जी, येऊन जा.’ आपण निश्चिंत होतो आणि संध्याकाळी तिथं गेल्यावर रजिस्टरमध्ये नावच नसतं. यात लबाडी कोणाचीच नसते. रिसेप्शनवरच्या ताईंनी ‘दवाखाना सुरू आहे, या’ एवढंच सांगितलेलं असतं. आपण ते ‘नाव लिहिलं’ असं ऐकतो.

म्हणून फोन ठेवण्याआधी एक प्रश्न हमखास विचारा: ‘नाव लिहिलं का? कितवा नंबर?’ नंबर सांगितला तर नाव लिहिलं आहे. ‘आल्यावर लागेल’ असं उत्तर आलं, तर तिथं फोनवर नंबर देतच नाहीत. मग नंबर वाटायला किती वाजता सुरुवात होते, ते विचारा.

दुसरा घोळ वेळेचा. ‘सरांची वेळ सहा ते आठ’ ही ओपीडीची वेळ झाली, तुमची नव्हे. समजा, तुमचा नंबर 14 आहे. आधी 13 पेशंट, प्रत्येकी 7 मिनिटं धरली तर 91 मिनिटं होतात. म्हणजे डॉक्टर सहाला बसले तरी तुमची पाळी साडेसातच्या आसपास. त्यात रिपोर्ट दाखवणारे मधात जातात आणि सर ऑपरेशनमधून उशिरा आले तर सगळंच पुढं सरकतं. निघण्याआधी ‘सर आले का, कितवा नंबर चालू आहे?’ एवढं विचारलं की तासभर बाकावर बसणं वाचतं. मात्र नाव पुकारलं तेव्हा हजर नसाल तर काय करतात, तेही विचारून ठेवा. कुठे दोन-तीन पेशंटनंतर घेतात, कुठे थेट शेवटी टाकतात. धंतोलीत पार्किंग शोधण्यात वेळ जातो, तो वेगळा धरा. मेट्रोने येत असाल तर ऑरेंज लाइनचं काँग्रेसनगर स्टेशन जवळ पडतं.

बोलताना ‘उद्या’, ‘परवा’ टाळा. मंगळवारी सांगितलेलं ‘परवा’ म्हणजे गुरुवार. तोच निरोप बुधवारी कोणी घरी दिला की त्याचा शुक्रवार होतो. वार आणि तारीख दोन्ही सांगा. आपल्याकडे अर्धं मराठी, अर्धं हिंदी चालतं; त्यात गोंगाटात ‘सात’चं ‘साठ’ ऐकू येतं, एकोणसाठचं एकोणसत्तर होतं. मोबाइल नंबर एकेक आकडा करून सांगा आणि समोरून परत म्हणवून घ्या.

नाव पेशंटचं सांगा, फोन करणाऱ्याचं नको. जुना पेशंट असेल तर आधी कोणता मोबाइल दिला होता, तोही सांगा, म्हणजे केस पेपर सापडतो. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असलेल्या दवाखान्यात नुसतं आडनाव सांगून भागत नाही. ‘सरांकडे’ की ‘मॅडमकडे’ हे स्पष्ट करा. डॉक्टर दोन ठिकाणी बसत असतील तर सकाळचा पत्ता कोणता, संध्याकाळचा कोणता, हेही. एकंदर असं बोला:

‘पेशंटचं नाव अमुक, वय 62, जुनी केस. मॅडमना रिपोर्ट दाखवायचा आहे. गुरुवार, 14 तारीख, संध्याकाळी. नाव लिहिलं का? नंबर कितवा?’

‘रिपोर्ट दाखवायचा’ आणि ‘तपासून घ्यायचं’ यात फीचा फरक पडू शकतो. जुन्या फीवर किती दिवस दाखवता येतं, ते तेव्हाच विचारा. काउंटरवरची निम्मी भांडणं यावरूनच होतात.

‘उपाशी या’ हे सगळ्यांत धोकादायक वाक्य. कशासाठी, ते विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. उपाशीपोटीच्या साखरेला किमान 8 तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा नाही. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून 2 तासांनी. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी बोलावतात, पण ओटीपोटाच्या सोनोग्राफीला बहुधा पाणी पिऊन लघवी रोखून बसावं लागतं. रोजच्या बीपीच्या किंवा साखरेच्या गोळीचं मात्र रिसेप्शनला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

चंद्रपूर, गोंदिया, बैतूलकडून येणाऱ्यांनी ‘बाहेरगावाहून येतोय, परतीची गाडी अमुक वाजता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं आणि घरून निघायच्या सकाळी पुन्हा फोन करावा. डॉक्टर सुटीवर असल्याचं नागपूरच्या अलीकडे बुटीबोरीला कळून काय उपयोग?

छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं यासाठी नंबर लावत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट जवळच्या कॅज्युअल्टीत जा.

इतकं करूनही नाव सापडलं नाही, तर काउंटरवर आवाज चढवण्याआधी मोबाइलमधला कॉल दाखवा: ‘काल 11 वाजून 20 मिनिटांनी बोललो, नंबर 14 सांगितला होता.’ ताई रजिस्टरचं दुसरं पान उलटतात, बरेचदा नाव दुसऱ्याच तारखेखाली निघतं. नाहीच निघालं, तर रिपोर्टवाल्यांच्या मधात घेता येईल का, ते विचारा.