स्ट्रॉबेरीचं व्हिनेगरवालं सरबत

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की थोडी जास्तच आणा, मऊ पडलेली चालते पण बुरशी लागलेली अजिबात नको. पाव किलो फळ धुवून पुसून चिरा, पाव किलो साखर घालून हाताने जरा चुरगळा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी मस्त लालभडक पाक जमतो. तो गाळा, दाबून पिळू नका नाहीतर गढूळ होतो. मग २०० मिली ॲपल सायडर व्हिनेगर मिसळा, साधं पांढरं व्हिनेगर फार उग्र लागतं. काचेच्या बाटलीत भरा, झाकण प्लॅस्टिकचं, पत्र्याचं गंजतं. आठवडाभर फ्रीजमध्ये मुरू द्या, आंबटपणा छान बसतो. ग्लासात दोन मोठे चमचे, वर गार सोडा, चिमूटभर सैंधव. उरलेला चोथा पोळीबरोबर खा!